क्योटो पाहावं कडेकडेने

क्योटोत दोन दिवस हाताशी असले की बहुतेक जण आधी नावांची यादी करतात आणि मग ती दोन दिवसांत वाटून टाकतात. बेत बिघडतो तो इथेच, आणि त्याचं कारण थेट इ.स. ७९४ मध्ये सापडतं. त्या वर्षी चौकटीच्या रस्त्यांवर ही राजधानी आखली गेली, तेव्हा शहराच्या हद्दीत तोजी आणि साइजी या दोनच बौद्ध मंदिरांना जागा मिळाली. बाकीची बाहेर, डोंगरांच्या पायथ्याशी वाढली. त्यामुळे पाहण्यासारखं बरंचसं आजही कडेला आहे. मेट्रोच्या दोन मार्गिका मात्र शहराच्या मध्यात एकमेकींना छेदतात. किन्काकुजी, गिन्काकुजी किंवा कियोमिझु या मंदिरांपैकी एकाच्याही दाराशी त्या नेत नाहीत. उरते ती बस. तिच्यावर इतका ताण पडला, की फक्त बसचा दिवसभराचा पास शहराने बंदच करून टाकला. म्हणून एका दिवसाला एकच कड धरावी.

पूर्वेची कड पायी होते. कियोमिझुचं दार सकाळी ६ वाजता उघडतं; तिथून सान्नेन्झाकाच्या पायऱ्या उतरत यासाका, पुढे नान्झेन्जी आणि कालव्याकाठच्या वाटेने गिन्काकुजी. या क्रमात बस लागतच नाही. उलट किन्काकुजी आणि गिन्काकुजी ही सोनेरी-रुपेरी जोडी एकाच दिवशी उरकायचा मोह फार महागात पडतो. नावं जुळी, पण एक मंदिर वायव्येला आणि दुसरं ईशान्येला! बहुतेक मंदिरं संध्याकाळी ५ च्या सुमारास बंद होतात, तेव्हा बसमध्ये उभ्याने घालवलेला तास दिवसाच्या उजेडातूनच वजा होतो.

‘एवढ्या लांब जाऊन किन्काकुजी सोडायचं?’ हा आक्षेप रास्त आहे, पण सोडायला कोण सांगतंय? ते दुसऱ्या दिवशीच्या पश्चिमेच्या कडेवर आपोआप येतं. सकाळी रेल्वेने आराशियामा गाठावं, बांबूच्या बनातून फिरावं आणि तिथून रान्देन ही छोटी ट्राम धरावी. एकदा गाडी बदलली की र्‍योआन्जी. तिथली पंधरा दगडांची बाग बघून किन्काकुजीपर्यंत चालत जाता येतं. ते सोनेरी मंदिरही १९५० च्या आगीनंतर १९५५ मध्ये नव्याने उभारलेलं आहे, त्याच्यासाठी अख्खा बेत मोडण्याचं कारण नाही. टॅक्सी केली तर हा सगळा हिशेब टळतो, असं कोणी म्हणेल. चौघांत भाडं वाटलं जात असेल तर तो मार्ग वाईट नाही, पण ५ ची वेळ टॅक्सीलाही चुकत नाही.

फुशिमी इनारीच्या लाल कमानी मात्र दोन्ही दिवसांच्या उजेडातून खुशाल वगळाव्यात. क्योटो स्टेशनपासून रेल्वेने ते अवघं दुसरं स्टेशन, तिकीट नाही, आणि देवस्थान रात्रभर उघडं असतं. जेवण आटोपून जा.