खेपा मोजता, मग झोप कोण मोजणार?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके चाकांवर जगतात, असे म्हटले तर वावगे ठरू नये. एकीकडे पुणे-अहिल्यानगर रस्ता (आपल्या तोंडी अजून नगर रोडच) आणि रांजणगावची औद्योगिक वसाहत. दुसरीकडे पुणे-सोलापूर रस्ता, कुरकुंभची रासायनिक वसाहत आणि दौंडचे रेल्वे जंक्शन. गळीत हंगामात उसाच्या गाड्या, बारा महिने दुधाचे टँकर, कांद्याचे ट्रक आणि दुकानोदुकानी माल पोचवणारे टेम्पो. आपल्या घरातला साबण, बिस्किटाचा पुडा, तेलाचा डबा कोणीतरी पहाटे उठून गाडीत भरून आणलेला असतो. त्या माणसाच्या प्रकृतीची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

माझा दवाखाना शिरूरला आहे आणि आठवड्यातून एक दिवस मी दौंडला रुग्ण तपासतो. दोन्हीकडे ड्रायव्हर मंडळी येतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाला लघवीला जळजळ, कुणाला पित्त, कुणाचे बी.पी. वाढलेले. तक्रारी वेगवेगळ्या, पण खोदून विचारले की उगम बहुधा एकच निघतो. ‘डॉक्टरसाहेब, टारगेट पुरं होत नाही.’ मध्यंतरी एका तरुण ड्रायव्हरने तर सरळ जागे राहण्याची गोळीच मागितली. ती मी दिली नाही. का दिली नाही, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

टारगेटचे गणित

पूर्वी मालक संध्याकाळी विचारायचा, ‘आज किती खेपा झाल्या?’ आता विचारावे लागत नाही. गाडी कुठे आहे, किती वेळ उभी आहे, किती दुकाने झाली, हे सारे फोनवर दिसते. पंधरा मिनिटे गाडी हलली नाही की फोन वाजतो. एका ड्रायव्हरने मला त्याचा दिवस कागदावर मांडून दाखवला. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. असे दिवस अनेकांचे असतात.

पहाटे ५ ला उठायचे. ६ ला गोडाऊनवर हजेरी. माल मोजून, भरून, चलन हातात पडेपर्यंत ९ वाजतात. मग न्हावरे, केडगाव, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ करीत दौंड. वाटेत १४ दुकाने. प्रत्येक दुकानाला ठरवून दिलेला वेळ १५ मिनिटे. प्रत्यक्षात दुकानदार गिऱ्हाइकात गुंतलेला असतो, माल मोजून घ्यायचा असतो, पोचेवर सही हवी असते, कधी गाडी लावायलाच जागा नसते. म्हणजे १५ च्या जागी २५ मिनिटे. एका दुकानामागे १० मिनिटे जादा, तर १४ दुकानांमागे १४० मिनिटे, म्हणजे २ तास २० मिनिटे.

हे सव्वादोन तास टारगेटच्या कागदावर कुठेच नाहीत. मग ते येतात कुठून? जेवणातून, लघवीला थांबण्यातून, झोपेतून आणि गाडीच्या वेगातून. कागदावर न दिसणारी ही तूट ड्रायव्हर आपल्या शरीरातून भरून काढतो. खेप केली तर पैसे, नाही केली तर नाही, अशी बोली असली म्हणजे विश्रांती हा त्याला तोटाच वाटतो. डोक्यावर गाडीचा हप्ता असेल तर विचारायलाच नको.

झोपेची नशा

पहाटे ५ ला उठलेला माणूस रात्री १० वाजता सतरा तास जागा असतो. त्या वेळी तो रिकामी गाडी घेऊन न्हावऱ्याच्या अंधाऱ्या रस्त्याने शिरूरकडे परतत असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे काम १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतके बिघडते. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला हा सज्जन माणूस कायद्याच्या मापाने जणू पिऊनच गाडी चालवीत असतो. पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली तर मात्र काहीच दिसणार नाही.

थकलेला मेंदू विचारून झोपत नाही. डोळे उघडे असतानासुद्धा तो दोन-तीन सेकंद बंद पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंदांत ५० मीटर. समोर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल तर पुढे काय होते, ते हंगामात आपण वर्तमानपत्रात वाचतोच. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार या वेळा विशेष धोक्याच्या, कारण शरीराचे घड्याळ तेव्हा आपोआप मंदावते.

आता गोळीविषयी. जागे ठेवणारी गोळी झोप देत नाही, झोपेची फक्त जाणीव दाबते. नाडी आणि रक्तदाब वाढवते आणि असर संपला की माणूस एकदम कोसळतो. तंबाखू, मावा, गुटखा यांचेही तसेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ड्रायव्हरच्या खिशातली पुडी काही गेलेली नाही. जागे राहण्यासाठी म्हणून गालात धरलेला तोबरा तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण देतो. उलट बाजूनेही जपायला हवे. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ गोळ्या-औषधांनी गुंगी येते. मेडिकलमधून औषध घेताना ‘मी गाडी चालवतो’ हे तीन शब्द अवश्य सांगा.

झोपेला औषध झोपच. डोळे चुरचुरू लागले, जांभया येऊ लागल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. एक कप चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटे डुलकी काढा. चहा-कॉफीचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे जाग येताना दोन्हींचा फायदा मिळतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटे पायी फिरा, मगच स्टार्टर मारा. हा तात्पुरता उपाय आहे. रात्रीच्या सात तासांच्या झोपेची जागा तो घेऊ शकत नाही.

एक खूण घरच्यांसाठी. झोपेत मोठ्याने घोरणे, मधेच श्वास अडकून दचकणे आणि पुरेसे झोपूनही दिवसा पेंगणे, ही झोपेत श्वास बंद पडण्याच्या आजाराची लक्षणे असू शकतात. वजनदार, आखूड मानेच्या माणसात तो जास्त आढळतो. ‘दमलाय म्हणून घोरतोय’ असे म्हणून सोडून देऊ नका. त्यावर उपचार आहेत.

पाणी, लघवी, कंबर

वाटेत थांबावे लागू नये म्हणून पुष्कळ जण पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात केबिनमध्ये घाम वाहतो आणि बाटली मात्र भरलेलीच घरी येते. याने लघवी घट्ट होते, खडे बनतात. लघवी तासन् तास तुंबवली की जंतुसंसर्ग होतो. रंग पाहा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजा. प्रत्येक दुकानाला चार घोट प्या आणि तीन-चार तासांत एकदा लघवीला जाच.

कंबरेचे दुखणे बहुतेकांना बसून होते असे वाटते. खरी गोम त्यापुढे आहे. तासभर गचके खात बसल्यावर कंबरेचे स्नायू आणि मणक्यांमधल्या गाद्या ताणलेल्या असतात. त्याच अवस्थेत ड्रायव्हर खाली उडी मारतो आणि पहिलेच पोते उचलतो. तिथे चमक भरते. खाली उतरताना पायरी धरून उतरा. दोन मिनिटे गाडीभोवती एक चक्कर मारा, हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका. ओझे उचलताना गुडघ्यात वाका, ओझे पोटाजवळ धरा, आणि ओझ्यासह कंबर न पिळता पावले वळवा. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असे काही झाले तर मालिशवाल्याकडे न जाता तडक डॉक्टरांकडे जा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना विशेष सूचना. औषध घेतले आणि टारगेटपायी जेवण टळले तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांसमोर अंधारी येते. ताबडतोब गाडी थांबवून तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, मग काहीतरी खा. बरे वाटल्यावरही पाऊण तास तरी गाडी चालवू नका. केबिनमध्ये साखरेची पुडी हवीच, टूलबॉक्सइतकीच गरजेची.

व्यावसायिक परवान्याच्या नूतनीकरणाला पाच वर्षांनी डॉक्टरांचा दाखला लागतो. तेवढी वाट पाहू नका. शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि डोळे तपासून घ्या.

दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही

इथवर ड्रायव्हर बंधूंना उपदेश झाला. पण नुसत्या उपदेशाने दिवसाचे तास वाढत नाहीत. आपल्या देशात १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, असे माप घालून दिले होते. मालाच्या चढउताराशी संबंधित कामही त्यात धरले होते. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही माप आठ तासांचेच आहे.

बाहेरच्या देशांनीही ठेच लागूनच शहाणपण शिकले. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावेच लागते आणि रस्त्यावर धोका वाढेल अशा रीतीने अंतरावर किंवा मालावर ड्रायव्हरला बक्षिसी देण्यास मनाई आहे. जपानने एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा घातली. अमेरिकेत डॉमिनोज या पिझ्झा कंपनीने अर्ध्या तासात घरपोच देण्याची हमी अपघातांच्या खटल्यांनंतर १९९३ मध्ये मागे घेतली. पिझ्झा विकला जायचा काही थांबला नाही.

आपल्याकडे सुरुवात एका वहीपासून होऊ शकते. ड्रायव्हरने पंधरा दिवस प्रत्येक दुकानाचे तीन आकडे लिहावेत: पोचलो किती वाजता, माल उतरायला लागला किती वाजता, निघालो किती वाजता. भांडणापेक्षा ही वही जास्त बोलते. माझ्या ओळखीच्या दोन ड्रायव्हरांनी ती वितरकापुढे ठेवली. वितरक हिशेबी माणूस. वेळ गाडी चालवण्यात नव्हे, दुकानापुढे थांबण्यात जातो, हे त्याला आकड्यांतून दिसले. त्याने गाडीवर एक मदतनीस दिला आणि दोन लांबची दुकाने दुसऱ्या दिवसावर टाकली. परत आलेला माल आणि फुटतूट कमी झाली, हे त्यानेच नंतर मला सांगितले.

मालकांनी आणि वितरकांनी एवढे तरी पाहावे: भरणे, उतरवणे आणि ताटकळणे हे कामातच धरावे. रात्री उशिरा परतलेल्याला पहाटेची हजेरी लावू नये. गाडी चालू असताना ‘कुठवर आलास?’ म्हणून फोन करू नये. घरच्यांनी त्याच्या झोपेच्या वेळी टी.व्ही. आणि फोन बंद ठेवावेत, खोलीत अंधार करावा.

आणि आपण बाकीचे? आपल्यापैकी कितीतरी वाचक दुकानदार आहेत. माल आला की दहा मिनिटे गिऱ्हाईक थांबवून तो मोजून घ्या. पोचेवर लगेच सही करा. ड्रायव्हरला पाण्याचा तांब्या पुढे करा आणि दुकानामागचे शौचालय वापरू द्या. याला पैसा लागत नाही. चौदा दुकानांनी दहा-दहा मिनिटे वाचवली तर तो माणूस दोन तास आधी घरी पोचेल आणि दोन तास जास्त झोपेल. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर आपली मुले शाळेला निघालेली असतात, हेही लक्षात असू द्यावे.