एका दिवसाच्या चंदीला हजार उंट

नकाशावर परतूरला बोट ठेवा आणि सरळ उत्तरेला न्या. बोट पूर्वेला जेमतेम पाऊण अंश सरकतं आणि पानिपतावर पोहोचतं. मधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे १,०९० किलोमीटर. आता कंदाहारपासून पानिपतापर्यंत मोजा : सुमारे १,११० किलोमीटर. जालना जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव आणि वाळवंटाच्या काठावरची अफगाण बादशहा अब्दालीची राजधानी, दोन्ही त्या रणांगणापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. हे मोजल्यापासून मला पानिपतात तलवारींच्या आधी जनावरं दिसतात. दोन्ही बाजूंनी हजार-हजार किलोमीटर चालत आलेली, रोज खायला-प्यायला मागणारी जनावरं.

जुन्या कागदांत ज्याला पडदूर म्हटलं आहे तेच हे परतूर. उदगीरला निजामाचा पराभव करून पेशव्यांची फौज इकडे आली होती. बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० रोजी मराठा सरदार दत्ताजी शिंदे अब्दालीच्या फौजेशी लढताना पडल्याची बातमी पोहोचली, आणि १४ मार्च १७६० रोजी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ इथून उत्तरेकडे निघाले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतच्या लढाईत सगळं संपलं. मधले दिवस ३०६.

या प्रवासाला फक्त सैन्य निघालं नव्हतं. काशी, मथुरा, कुरुक्षेत्र घडेल म्हणून यात्रेकरू सामील झाले, सोबत बायकामुलं, बाजारबुणगे, सराफ, नालबंद. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते.

अब्दालीच्या बाजूने असलेला अवधचा नवाब शुजाउद्दौला, त्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने ही लढाई प्रत्यक्ष पाहिली. तो मराठ्यांचं घोडदळ ५५ हजार सांगतो. आपण हिशेबाला ५० हजार घोडे धरू. घोड्याला दिवसाला ३० लिटर पाणी लागतं असं मानलं, तर नुसत्या घोड्यांना रोज १५ लाख लिटर पाणी हवं. जालन्याच्या माणसाला हा आकडा टँकरमध्ये सांगितला की लगेच कळतो : १० हजार लिटरचे दीडशे टँकर. रोज. माणसं, बैल, हत्ती यांचं पाणी वेगळं.

आता चंदी. घोड्याला दिवसाला ४ किलो दाणा दिला तर २ लाख किलो. लांबच्या वाटेवर उंट साधारण २०० किलो ओझं नेतो. म्हणजे एका दिवसाच्या चंदीला हजार उंट, आणि दहा दिवसांच्या साठ्याला दहा हजार. एवढा दाणा बरोबर घेऊन चालणं कोणालाही शक्य नव्हतं. वाटेतल्या मुलखातून, बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून तो रोज मिळवावा लागे. म्हणूनच मेअखेर ग्वाल्हेर गाठेपर्यंत फौजेने दिवसाला सरासरी दहा किलोमीटरही सरळ अंतर कापलं नव्हतं. पुढे पावसाने गंभीर नदी फुगली आणि आग्र्याच्या अलीकडे महिनाभर मुक्काम पडला.

वाटेत दाणा मिळवत जाण्याच्या या रीतीच्या उलट सहारातले मिठाचे तांडे चालतात. नायजर देशातल्या अगादेझहून बिल्माला तेनेरेच्या वाळूतून जाताना ते उंटांचा चारा भारे बांधून बरोबर नेतात आणि त्यातला काही परतीसाठी वाटेतच ठेवून देतात. १९०६ साली त्या वाटेवर २० हजार उंटांचा एक तांडा गेल्याची नोंद आहे. एका उंटाला तीन मीटर धरून एकामागे एक उभे केले, तर ती रांग जालन्यापासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत पोहोचेल! त्यांना हे झेपतं ते उंटामुळेच. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पाणी पितो आणि मग कित्येक दिवस त्यावर काढतो. बाभळीचा काटेरी पाला ओरबाडूनही त्याचं भागतं. घोड्याचं तसं नाही.

उंट मराठ्यांकडेही होते, तंबू-सामान वाहायला आणि सांडणीस्वारांना. अब्दालीने मात्र उंटावर तोफच चढवली. काशीराज सांगतो, त्याच्याकडे २ हजार उंट होते आणि प्रत्येकावर दोन जंबूरकवाले. जंबूरक म्हणजे खोगिरावर फिरत्या खुंट्यात बसवलेली छोटी तोफ. उंट गुडघे मोडून खाली बसला की स्वार हवी तिकडे नळी वळवून गोळा सोडी आणि उंट उठून पुढच्या जागी जाई. मराठ्यांच्या जड तोफा बैलांनी ओढाव्या लागत, भर लढाईत त्या हलवणं अवघड होतं.

घोडे अब्दालीकडेही हजारो होते, पण त्याला रोहिलखंडातून रसद मिळत राहिली. मराठ्यांची रसद पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि दोन लाख किलोंचं ते रोजचं गणित त्यानंतर जुळलंच नाही. लढाईच्या दिवशी घोडे उपाशी होते आणि माणसंही. माझ्या मते पानिपतचा निकाल त्या भुकेने आधीच बराचसा लावला होता. लढाईनंतर अब्दालीचा एकेक दुराणी स्वार मालाने लादलेले आठ-दहा उंट हाकत नेताना दिसे, असं काशीराजाने लिहून ठेवलं आहे.

आज नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस परतूरच्या रुळांवरून धावते. बुऱ्हाणपूर, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा, दिल्ली ही भाऊंच्या वाटेवरची गावं त्याच क्रमाने ओलांडत ती दुसऱ्या दिवशी पानिपत मागे टाकते. जालना जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. इतिहासाच्या तासाला मुलांच्या हाती पट्टी आणि नकाशा द्या, हे अंतर त्यांना मोजू द्या, चंदीचा गुणाकार करू द्या. पानिपतची सुरुवात आपल्या परतूरला झाली, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलं पाहिजे.