पायऱ्यांचा आवाज

आलेखाच्या कागदावर २२ सेंटिमीटर लांबीत एकसारख्या दहा लहरी काढा. प्रत्येक लहर २.२ सेंटिमीटरची. मग सुरुवातीच्या टोकापासून दर सेंटिमीटरला वक्रावर एक ठिपका द्या आणि नुसत्या ठिपक्यांकडे पाहा. लहरी सारख्याच उंचीच्या होत्या, पण ठिपके मात्र दोनदा फुगतात आणि दोनदा आक्रसतात! अशा ठिपक्यांवरून मूळ लहर परत मिळेल काय?

तुम्ही काढलेले चित्र म्हणजे सीडीवर नोंदलेला सुमारे २०,००० हर्ट्झचा स्वर होय. सीडीवर डाव्या व उजव्या बाजूसाठी दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० अंक असतात. अंकाचा विद्युतदाब करणारा परिवर्तक पुढचा अंक येईपर्यंत, म्हणजे सुमारे २२.७ मायक्रोसेकंद, दाब तसाच धरून ठेवतो. त्यामुळे लहरीऐवजी जिना तयार होतो. या जिन्यात २०,००० हर्ट्झच्या स्वरासोबत ४४,१०० उणे २०,०००, म्हणजे २४,१०० हर्ट्झचा एक आगंतुक स्वर असतो. तुमच्या ठिपक्यांचे फुगणे ही या दोघांचीच करामत. आगंतुकाला गाळून टाकले की सरळ, एकसारखी लहर उरते. मूळ ध्वनीत २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही नसेल, तर ठिपक्यांतून एकच वक्र जातो, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली सिद्ध करून दाखविले आहे.

सोनीच्या १९८२ मधील पहिल्या सीडी प्लेअरमध्ये हे काम परिवर्तकानंतरच्या तीव्र उताराच्या विद्युत गाळणीकडे होते. फिलिप्सने निराळी वाट धरली. अंकांच्या मधले अंक गणिताने काढून त्यांची संख्या चौपट, म्हणजे १,७६,४०० केली. पायऱ्या बारीक झाल्या, आगंतुक दूर सरकले आणि पुढे साधी गाळणी पुरली. ही झाली अंकीय गाळणी.

१९९० नंतरच्या दशकात जपानमधील र्‍योहेइ कुसुनोकी यांनी ती काढूनच टाकावी असे मांडले. गणिती गाळणी प्रत्येक अंक काळात मागेपुढे पसरवते. टाळीच्या आवाजाआधीच सूक्ष्म कंप उमटतो. त्यांचे म्हणणे काही शौकिनांना पटले आणि अशी यंत्रे निघाली.

मुद्दा खोटा नाही. पण तो कंप २२,००० हर्ट्झच्या आसपासचा, बहुतेकांच्या कानांपलीकडला! उलट जिना तसाच सोडला तर १०,००० हर्ट्झचा आयाम ९२ टक्के आणि २०,००० चा केवळ ६९ टक्के उरतो. २४,१०० चा आगंतुक ५८ टक्के असतो. तो ऐकू येत नाही हे खरे. परंतु वर्धक थोडा जरी सदोष असला तरी दोघांच्या वजाबाकीचा ४,१०० हर्ट्झचा स्वर निर्माण होतो, आणि तो कोणालाही ऐकू येईल. तेव्हा ‘गाळणी नाही म्हणून मूळ ध्वनीच्या जवळ’ हे मला मान्य नाही. वरच्या स्वरांची धार बोथट झाल्याने आवाज मऊ लागतो, आणि तो एखाद्याला आवडतो. आवडीशी भांडण कसले?

पैज लागलीच तर दोन्ही यंत्रांचा आवाज १,००० हर्ट्झला व्होल्टमापकाने तंतोतंत सारखा करा. कोणते यंत्र वाजते आहे ते ऐकणाऱ्याला सांगू नका, आणि निदान वीस वेळा विचारा.