साताऱ्याचे अखेरचे सत्ताधीश छत्रपति

वढू बुद्रुक येथील छत्रपति संभाजी महाराजांची समाधि शके १६१० च्या फाल्गुन अमावास्येचें, म्हणजे ११ मार्च १६८९ चें, स्मरण देते. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रायगड पडला. येसूबाई व बाल शाहू मोंगलांच्या कैदेंत गेले. परंतु राजाराम महाराजांचें मंचकारोहण फेब्रुवारींतच झालें होतें. आणि १७०७ त सुटून आलेले शाहू १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास अभिषिक्त झाले. शत्रूनें राजा मारिला, तरी गादी राहिली. तीच गादी पुढें तरवारीवांचून कशी नाहींशी झाली, हें येथें पाहूं.

शाहू महाराज १७४९ त वारले, तेव्हां त्यांच्यामागें औरस पुत्र नव्हता. ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें आणलेले रामराजे त्यांचे दत्तक म्हणून गादीवर आले. रामराजांनीं १७७७ त वावीच्या भोसल्यांतील विठोजींस दत्तक घेतलें; तेच दुसरे शाहू. म्हणजे अठराव्या शतकांत दोनदां ही गादी दत्तकानेंच चालली.

दुसऱ्या शाहूंचे पुत्र प्रतापसिंह यांच्याशीं कंपनीनें २५ सप्टेंबर १८१९ रोजीं तह केला. त्यांत राज्य महाराजांस, त्यांच्या वारसांस व उत्तराधिकाऱ्यांस कायमचें दिलें होतें. १८३९ त कंपनीनें राजद्रोहाचा आरोप ठेवून प्रतापसिंहांस पदच्युत केलें व काशीस पाठविलें. त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस गादीवर बसविलें. हेच साताऱ्याचे अखेरचे सत्ताधीश. ५ एप्रिल १८४८ रोजीं, मृत्यूपूर्वीं थोड्याच वेळ, त्यांनीं व्यंकोजी नांवाच्या मुलास दत्तक घेतलें.

पुढील सारा वाद 'वारस' या एका शब्दाचा आहे. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क व साताऱ्याचे रेसिडेंट फ्रिअर यांनीं दत्तक ग्राह्य मानिला. डलहौसीचें म्हणणें असें कीं, दत्तकास खासगी मिळकत मिळेल. राज्य मात्र कंपनीच्या संमतीवांचून मिळणार नाहीं. संचालकांनीं तेंच उचलून धरलें व १८४९ त राज्य खालसा झालें.

असा प्रसंग केवळ आपल्याकडचा नव्हे. ऑस्ट्रियाच्या बाबेनबर्ग घराण्याचा शेवटचा ड्यूक दुसरा फ्रेडरिक १२४६ त लढाईंत निपुत्रिक पडला. ११५६ च्या सनदेनें त्या घराण्यांत स्त्रियांसही वारसा होता. तरी बहीण व पुतणी यांच्या हक्कांवरून तंटे माजले, आणि शेवटीं मुलूख हॅब्सबर्गांकडे गेला. सनदेंत शब्द असणें निराळें आणि तो मानावयास लावण्याचें बळ असणें निराळें.

साताऱ्याचें दत्तविधान धर्मशास्त्रास धरून नव्हतें म्हणून राज्य गेलें, असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें १८८४ त कोल्हापूरच्या गादीवरील दत्तक ब्रिटिश सरकारनेंच मान्य केला, व तें राज्य १९४९ पर्यंत टिकलें. शास्त्र तेंच होतें. सरकारचें धोरण मात्र बदललें होतें. म्हणून ज्यांच्या दप्तरांत त्या काळचीं दत्तपत्रें व याद्या असतील, त्यांनीं तीं घरगुती कागद समजून बाजूस टाकूं नयेत. राज्याच्या अंताचा पुरावा अशाच कागदांत असतो.