नवा संगणक अडतो तेव्हा

सुटे भाग जुळवून सिद्ध केलेल्या संगणकाची कळ दाबावी, पंखे फिरू लागावेत आणि पडदा मात्र काळाच राहावा! अशा वेळी माणूस घाबरून दिसेल तो भाग बदलू लागतो. हे बरे नव्हे. संगणक प्रारंभी स्वतःचीच तपासणी करीत असतो: प्रोसेसर, मेमरी, चित्र उमटविणारा भाग आणि साठवणीची डिस्क. १९८१ साली आलेला आयबीएमचा संगणक ही तपासणी निर्विघ्न पार पडताच एकदा ‘बीप’ असा आवाज करी. आजच्या पुष्कळ मदरबोर्डांवर त्यासाठी चार बारीक दिवे असतात. जो दिवा विझत नाही, तेथे काम अडले असे समजावे.

मेमरीचा दिवा दिसला, तर मात्र उतावीळ होऊ नये. डीडीआर ५ जातीची मेमरी पहिल्या खेपेस जुळवून घेण्यात संगणकाची कित्येक मिनिटे जातात; मध्येच वीज तोडली, तर ते काम पुन्हा पहिल्यापासून! बराच वेळ वाट पाहूनही दिवा न विझल्यास वीज तोडून एकच मेमरीपट्टी खाचेत घट्ट बसवावी. संगणक चालू झाला, की उरलेल्या पट्ट्या एकेक करून जोडाव्यात. जिच्यापाशी तो पुन्हा अडेल, तिच्यात किंवा तिच्या खाचेत दोष असण्याचा संभव अधिक. आणि दिवा प्रोसेसरचा असेल, तर त्याला वीज देणारी निराळी तार आधी पाहावी. ती जोडावयाची पुष्कळदा राहून जाते. पंखे तिच्यावाचूनही फिरतात.