सूर्यफुलाची पाच दशकं

सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या काळ्या रानात एके काळी पिवळी शेतं मैलोन्‌मैल दिसायची. आता एखादा तुकडा दिसला तरी लोक फोटो काढायला गाडी थांबवतात. पाच दशकांत हे पीक आलं, बहरलं आणि जवळजवळ गेलंही.

सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं. तेलबी म्हणून त्याला घडवलं रशियाने. तिथल्या पुस्तोवोइत या शास्त्रज्ञांनी निवड पद्धतीने बियांतलं तेलाचं प्रमाण खूप वाढवलं. १९६९मध्ये ‘पेरेडोविक’सारखे सोव्हिएत वाण भारतात आले. आपल्याकडे त्याच कुळातली करडई आणि कारळे आधीपासून होतेच. करडईच्या काटेरी ओळी ज्वारीच्या कडेने राखणीला, तिची कोवळी पानं भाजीला आणि तेल घाण्यावर. पण करडई रब्बीतच यायची. सूर्यफूल मात्र खरीप, रब्बी, उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत, तेही तीन महिन्यांत हाती येई. त्यामुळे शेतकऱ्याला ते भावलं.

१९८०मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून ‘बीएसएच-१’ हा संकरित वाण आला आणि १९८६मध्ये तेलबिया अभियान सुरू झालं. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात देशातलं क्षेत्र २५ लाख हेक्टरांच्या पुढे गेलं. कर्नाटकापाठोपाठ महाराष्ट्राचं नाव घेतलं जाई.

कुरबुरी तेव्हाही होत्या. दाणे भरू लागले की पोपटांचे थवे उतरत. मधमाश्या कमी असल्या की तबकाच्या मध्यभागी दाणे पोचट राहत. मग सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळून फुलाफुलावरून हात फिरवायचा. या कामाला मजूर लागत. १९९७मध्ये कर्नाटकात नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग दिसला आणि पुढे फैलावला.

पण भाव मिळाला असता तर शेतकऱ्याने हेही सोसलं असतं. १९९४पासून खाद्यतेलाची आयात खुली होत गेली. स्वस्त पामतेलाने बाजार भरला, सूर्यफुलाचं तेलही बाहेरून येऊ लागलं. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभऱ्याने रान व्यापलं. करडईचीही तीच गत झाली. फलटणच्या निंबकर संस्थेने काटे नसलेला संकरित वाण काढला, तरी तिचा पेरा घटतच राहिला.

२०२२मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि इथे तेलाच्या पिशवीचा भाव कडाडला, कारण आपलं बहुतेक सूर्यफूल तेल तिथूनच येत होतं. देशातला पेरा तोवर तीन लाख हेक्टरांच्या आसपास उरला होता.

वाण होते, संशोधक होते, राबणारे हातही होते. हमीभाव दरवर्षी जाहीर झाला, पण त्या भावाने खरेदीची खात्री नव्हती. ती मिळाल्याशिवाय सूर्यफूल आणि करडई रानात परतणार नाहीत.