होडीच्या पोटातले लाकूड

जूनच्या पहिल्या तारखेस सरकारी मनाई हुकूम लागू झाला, म्हणजे जुलैअखेरपर्यंतचे ६१ दिवस यांत्रिक नौकांनी समुद्राकडे पाठ फिरवावयाची असते. आणि मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, जेथे १६६४ साली मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन सिंधुदुर्गाच्या बांधणीस आरंभ झाला तेथून हाकेच्या अंतरावर, होड्या वाळूवर ओढून, झावळ्या नि ताडपत्र्या पांघरून, रांगेने विसावतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका ताडपत्रीखाली मी दोन तास बसलो होतो. वरून पाऊस बदाबदा कोसळत होता, आणि आत एक वयस्कर मेस्त्री, हातोडीची मूठ होडीच्या तळावर टकटक आपटीत, वैद्याने रोग्याची छाती ठोकून पाहावी तसा, वीतवीत पुढे सरकत होता. सात-आठ ठोक्यांपर्यंत आवाज ठणठणीत आला. मग एकाएकी तो बसका झाला. मेस्त्री थांबला, मागे सरून पुन्हा ठोकले आणि म्हणाला, "हय बद्द वाजता. भितर पाणी आसा." मालकाने कपाळाला हात लावला. होडी फायबरची होती. तिच्यात कुसण्यासारखे काय असणार, या भरवशावर त्याने ती घेतली होती.

हा भरवसा सर्वस्वी वेडगळ होता, असे मला म्हणवत नाही. लाकडी नौकेचा जाच ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, दरसाल फळ्यांच्या सांधी सूत ठासून बुजविल्या, तळाला तेल पाजले आणि तरीही समुद्री किड्यांनी पोखरलेली फळी हातात घेऊन जे हताश बसले, त्यांना साच्यातून निघालेले अखंड, बेसांध कवच वरदानासारखे वाटले तर नवल नाही. शिवाय लाकूड मिळणेही सोपे कधी नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जी ताकीद आहे, तिच्यात सागासारखी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावी, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावेच लागले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा आशय आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत, गिर्ये येथे, खडकात खोदलेली मराठेशाहीतली गोदी अद्याप पाहावयास मिळते. तिच्या काठाशी उभे राहिले की एकेका गलबतापायी केवढे रान खर्ची पडले असेल, याचा अदमास येतो. साग दूरचा नि महाग, म्हणून लहान होड्यांचे काम उंडी, आंबा, फणस यांवर भागविण्याची रीत किनाऱ्यावर रूढ झाली. मात्र त्या होडीचे लाकूड डोळ्यांसमोर असे. ते काळे पडले, मऊ झाले, की नाखव्याच्या बोटाला कळे.

काचतंतू नि पॉलिएस्टर रेझिन यांच्या संयोगाने होड्या घडविण्याची विद्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत उदयास आली आणि पुढील काही दशकांत जगभराच्या किनाऱ्यांवर पसरली. काचतंतूंचे पापुद्रे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक चढविले की जे कवच तयार होते, ते ताण सोसण्यात मातब्बर, पण वाकण्याच्या बाबतीत पोलादाच्या मानाने फारच नरम असते. आणि पत्र्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, नुसत्या जाडीवर भिस्त ठेवावी तर होडी वजनाने आणि किमतीने आटोक्याबाहेर जाते. म्हणून कवच पातळ ठेवून त्याला आतून, नाळेपासून मागच्या फळ्यापर्यंत, उभ्या धारेच्या लांब लाकडी पट्ट्या बसवितात, त्यांना आडवे वांक जोडतात आणि सगळ्यांवर फायबरचे वेष्टन चढवितात. या पट्ट्यांना कारखान्यात स्ट्रिंजर म्हणतात. इंजिन ज्यावर टांगतात त्या मागच्या सपाट फळ्याच्या पोटातही बहुधा प्लायवूडच असते. सारांश, किनाऱ्याने लाकूड टाकले नाही. ते दृष्टीआड केले, आणि लाकडाचा रोगही त्याबरोबर दृष्टीआड झाला.

हा रोग आत शिरतो कसा? बाहेरून क्वचित, बहुतेकदा आपल्याच हातांनी पाडलेल्या भोकांतून. बाक बसवायचा, पंप बसवायचा, पर्यटकांना धरायला दांडी हवी, म्हणून कोणीतरी ड्रिल लावतो, स्क्रू पिळतो आणि भोकाच्या कडा रेझिनने बुजविण्याचे विसरतो. त्या सुईएवढ्या वाटेने पाणी लाकडात पैवस्त होते, आणि वरचे वेष्टन त्याला बाहेर पडू देत नाही. येथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल: समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी या लाकडाला अधिक घातक ठरते, कारण लाकूड कुसविणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. जेथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे उघड्या होडीचा वैरी समुद्र नसून आभाळ आहे, असे म्हणावे लागते.

मेस्त्रीने बसक्या आवाजाच्या जागी ड्रिल लावले तेव्हा भुसा कोरडा उडाला नाही. कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट लगदा पात्याला चिकटून आला, मागोमाग तपकिरी पाण्याची धार लागली, आणि ताडपत्रीखाली आंबूस, कोंदट वास भरला. येथून पुढचे काम ताकदीचे कमी आणि सबुरीचे अधिक. पहिली तजवीज होडीला खालून जागोजाग ठोकळ्यांचा आधार देण्याची. कारण आतला सांगाडा काढताच कवच आपला आकार सोडून पसरू पाहते, आणि त्या वाकड्या आकारावर नवी पट्टी बसली की ते व्यंग कायमचे झाले. म्हणूनच जाणता कारागीर सगळ्या पट्ट्या एकदम काढीत नाही. एक काढतो, ती बसवितो, मग दुसरीला हात घालतो. वेष्टन ग्राइंडरने कापताना तळाशी बोट-दोन बोटे कड राखतात, जुनी पट्टी शक्य तो अखंड उपसून नमुन्यासाठी बाजूला ठेवतात, आणि मग आतला पृष्ठभाग स्वच्छ, खरखरीत होईपर्यंत घासतात. काचेची ती धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही.

नवे लाकूड हाडासारखे कोरडे हवे. सागरी प्लायवूड घ्यायचे तर त्यावर भारतीय मानक ७१० चा शिक्का पाहून घ्यावा. पट्टीची धार कवचावर थेट टेकवू नये, नाहीतर लाटेच्या प्रत्येक आदळीला कवच नेमके त्याच रेषेवर वाकून तडकते. खाली फोमची चिंधी किंवा भरावाचा गोल कोपरा हवा. वरच्या कडाही गोलाव्या लागतात, कारण काचतंतूंचे कापड काटकोनात वळत नाही, तेथे हवेचे बुडबुडे धरते. मग मॅट नि रोव्हिंग यांचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद. किलोभर रेझिनला दहा-वीस ग्रॅम हार्डनर पुरतो. उन्हाळ्यात हात सैल सुटला तर डब्यातच रेझिन तापून दगड होते. रेझिन लवकर आळावे म्हणून घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतणे तर स्फोटालाच आमंत्रण. एक आधी रेझिनमध्ये पुरते घोटून मगच दुसरे घालावयाचे. आणि येथेच या किनाऱ्याची खरी अडचण आहे: सवड मिळते ती पावसात, आणि दमट हवा रेझिनच्या मुळावर उठलेली. मेस्त्रीने दोन दिवस नुसती उघाडीची वाट पाहिली. मालक चुळबुळत होता, हा हूं की चूं करीत नव्हता.

लाकूड नि फायबर यांचे जन्माचे वैर आहे, असे मात्र कोणी समजू नये. ज्या म्हादेई नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांनी ती वाटेत न थांबता पुरी केली, ती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडाच्या पट्ट्या, इपॉक्सी आणि काचतंतू यांच्याच मिलाफातून बांधली गेली. इपॉक्सी लाकडाला पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी घट्ट धरते. पण त्याचा भाव ऐकून सामान्य नाखवा हात जोडतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

शेवटचा थर बसल्यावर मेस्त्रीने पट्टीच्या तळाशी ठेवलेल्या पाणी वाहण्याच्या भोकांतून काडी फिरवून पाहिली, त्यांच्या कडांना आतून रेझिनचा हात दिला, आणि मालकाला बाकाचे स्क्रू स्वतः पिळण्यास साफ मनाई केली. नारळी पौर्णिमेनंतर मी पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा होडी पाण्यात होती. जुनी पट्टी माडाच्या बुंध्याशी टाकलेली होती. अर्धवट सोललेल्या फायबरच्या आत, कुसलेल्या लाकडावर, पांढऱ्या अळंब्यांची दाट ओळ उगवली होती.